बोरच्या अणूत इलेक्ट्रॉन कसा फिरतो : हिशेब स्वतः मांडण्याची रीत

नील्स बोर या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेल्या अणूच्या प्रारूपाची सूत्रं पाठ करणाऱ्यांची एक ठरलेली फजिती होते. त्रिज्येचं सूत्र वेगळं पाठ, वेगाचं वेगळं, ऊर्जेचं आणखी वेगळं. आणि ऐन वेळी कक्षेचा क्रमांक वर लिहायचा की खाली, हेच आठवत नाही. वास्तविक इथे पाठ करण्यासारखं फारसं काही नाही. दोन समीकरणं मांडायची, एकाला दुसऱ्याने भागायचं, की इलेक्ट्रॉन किती अंतरावरून, किती वेगाने फिरतो आणि एका फेरीला किती वेळ घेतो, हे सगळं हाती येतं. वही, पेन आणि घातांक टाकता येणारा कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा. इलेक्ट्रॉन सेकंदाला किती फेऱ्या मारतो ही एक वारंवारता, आणि अणूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची वारंवारता ही दुसरी. या दोन्हींची गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं. बोरने १९१३ साली खरी धिटाई दाखवली ती या दोन्हींची ताटातूट करण्यात, आणि नेमकं तेच बहुतेक टिपणांमध्ये एका ओळीत उरकलेलं असतं.

कोडं काय होतं

रदरफोर्डने १९११ मध्ये अणूच्या मधोमध इवलंसं, जड, धनप्रभारित केंद्रक बसवलं आणि इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती ठेवले. चित्र सुटसुटीत होतं, पण विद्युतचुंबकत्वाच्या नियमांत बसत नव्हतं. वर्तुळात फिरणाऱ्या प्रभाराला सतत त्वरण असतं, आणि त्वरण असलेला प्रभार प्रारण, म्हणजे प्रकाशासारख्या लहरी, सोडतो. म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा गळत जाणार आणि तो घिरट्या घालत केंद्रकात कोसळणार. हायड्रोजनसाठी हा हिशेब केला तर कोसळायला सुमारे १.६ × १०^−११ सेकंद लागतात. (^ या खुणेनंतरचा आकडा घातांक समजावा.) अणू तर कोसळताना दिसत नाहीत.

बोरने तोडगा काढला तो असा : काही ठरावीक कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन प्रारण न सोडता फिरतो, आणि कक्षा ठरते कोनीय संवेगावरून, म्हणजे वस्तुमान, वेग आणि त्रिज्या यांच्या गुणाकारावरून. का, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. नियम लावला आणि आकडे जुळले.

पायरी १ : साहित्य गोळा करा

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, म = ९.१०९ × १०^−३१ किलोग्रॅम
इलेक्ट्रॉनचा प्रभार = १.६०२ × १०^−१९ कूलोम
कूलोमचा स्थिरांक = ८.९८८ × १०^९ (एसआय एककांत)
प्लांकचा स्थिरांक भागिले २ पाय, याला ह म्हणू = १.०५५ × १०^−३४ ज्यूल सेकंद

आता कामाची युक्ती. प्रभाराचा वर्ग आणि कूलोमचा स्थिरांक या हिशेबात नेहमी जोडीनेच येतात, एकेकटे कधीच नाहीत. तेव्हा त्यांचा गुणाकार आत्ताच करून ठेवा आणि त्याला ब म्हणा :

ब = ८.९८८ × १०^९ × (१.६०२ × १०^−१९)^२ = २.३०७ × १०^−२८

हीच संख्या इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंसाठी सोयीचं ऊर्जेचं एकक) आणि नॅनोमीटर या एककांत लिहिली तर ती येते १.४४. हा १.४४ वहीच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा. ऊर्जेचा हिशेब त्याने दोन ओळींत होतो.

पायरी २ : दोन समीकरणं

वेग व, त्रिज्या त, कक्षेचा क्रमांक न. आपण हायड्रोजन घेतोय, त्याचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन. तो इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड आहे, म्हणून तूर्त तो जागचा हलत नाही असं धरू.

पहिलं समीकरण जुन्या यांत्रिकीचं. वर्तुळात फिरायला लागणारं अभिकेंद्री बल विद्युत आकर्षण पुरवतं :

म × व^२ / त = ब / त^२, म्हणजेच म × व^२ × त = ब

दुसरं बोरचं :

म × व × त = न × ह

बस. बोरचं प्रारूप ते एवढंच. पहिल्या समीकरणात न नाही आणि दुसऱ्यात ब नाही, हे नजरेत भरू द्या. आकर्षण किती, याची वार्ता दुसऱ्याला नाही, आणि कक्षा मोजक्याच असतात याची कल्पना पहिल्याला नाही.

पायरी ३ : भागा

पहिल्याला दुसऱ्याने भागलं की म आणि त दोन्ही उडतात आणि उरतो वेग :

व = ब / (न × ह)

पहिल्या कक्षेसाठी : २.३०७ × १०^−२८ भागिले १.०५५ × १०^−३४, म्हणजे २.१९ × १०^६ मीटर प्रति सेकंद. सेकंदाला जवळपास २१९० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाशी तुलना केली तर हा त्याचा १३७ वा भाग. ही १३७ ची संख्या पुढे सोमरफेल्डने १९१६ मध्ये वर्णपटाच्या बारीक रेषा सोडवताना महत्त्वाची ठरवली. आपल्याला तिचा उपयोग एवढाच, की वेग प्रकाशाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे सापेक्षतेची दुरुस्ती न करता चालतं.

वेग मिळाला की त्रिज्या दुसऱ्या समीकरणातून सरळ काढा :

त = न × ह / (म × व)

पहिल्या कक्षेला ५.२९ × १०^−११ मीटर, म्हणजे ०.०५२९ नॅनोमीटर. हिलाच बोर त्रिज्या म्हणतात. न वाढला की वरचा न वाढतो आणि खालचा वेग न पटीने घटतो, म्हणून त्रिज्या न^२ पटीने वाढते. सूत्र विसरलात तरी ही वाट विसरत नाही.

पायरी ४ : फेरीला लागणारा वेळ

परीघ भागिले वेग. पहिल्या कक्षेसाठी २ × ३.१४१६ × ५.२९ × १०^−११ भागिले २.१९ × १०^६, म्हणजे १.५२ × १०^−१६ सेकंद. उलटं केलं तर सेकंदाला ६.५८ × १०^१५ फेऱ्या.

परीघ न^२ ने वाढतो आणि वेग न ने घटतो, म्हणून आवर्तकाल न^३ ने वाढतो. इथे एक ताळा करून पाहा. त्रिज्येचा घन न^६ ने वाढतो, आवर्तकालाचा वर्गही न^६ ने. हा तर केप्लरचा तिसरा नियम! तो लागू पडायलाच हवा, कारण विद्युत आकर्षणही गुरुत्वासारखंच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. तुमच्या आकड्यांत हा नियम मोडला तर कुठेतरी घातांक चुकलाय असं खुशाल समजा.

वर्गात जाता जाता करण्याजोगं एक गणितही इथेच बसतं. फिरणारा इलेक्ट्रॉन म्हणजे विद्युतधाराच की. प्रभार भागिले आवर्तकाल : १.६०२ × १०^−१९ / १.५२ × १०^−१६, म्हणजे साधारण १.०५ मिलिअँपिअर! एकटा इलेक्ट्रॉन, आणि धारा मिलिअँपिअरची. या धारेमुळे वर्तुळाच्या केंद्रापाशी येणारं चुंबकीय क्षेत्र १२.५ टेस्ला निघतं.

पायरी ५ : ऊर्जा

आता तो १.४४ बाहेर काढा. स्थितिज ऊर्जा −ब / त, म्हणजे −१.४४ / ०.०५२९ = −२७.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. पहिल्या समीकरणावरून म × व^२ बरोबर ब / त, म्हणून गतिज ऊर्जा तिच्या निम्मी आणि धन : १३.६. बेरीज −१३.६.

ऋण चिन्हाचा बाऊ करू नका. इलेक्ट्रॉन केंद्रकापासून अनंत अंतरावर स्वस्थ असेल तेव्हा ऊर्जा शून्य धरली आहे. अणूत अडकलेल्याला तिथवर पोचायला १३.६ कमी पडतात, एवढाच त्याचा अर्थ. हायड्रोजनची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून पुरता बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, तीच.

विद्यार्थी अडखळतात ते पुढच्या गोष्टीपाशी. वरच्या कक्षेत गेल्यावर एकूण ऊर्जा वाढते, पण वेग घटतो. ऊर्जा दिली आणि इलेक्ट्रॉन मंदावला, हे विचित्र वाटतं. हिशेब असा : पहिल्या कक्षेतून दुसरीत जाताना स्थितिज ऊर्जा −२७.२ वरून −६.८ वर चढते, म्हणजे २०.४ ची वाढ; गतिज ऊर्जा १३.६ वरून ३.४ वर उतरते, म्हणजे १०.२ ची घट. बाहेरून फक्त फरकाचे १०.२ भरावे लागतात.

चार कक्षांचे आकडे एकत्र :

पहिली : ०.०५२९ नॅनोमीटर, २१९० किलोमीटर प्रति सेकंद, १.५२ × १०^−१६ सेकंद, −१३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट
दुसरी : ०.२१२, १०९४, १.२२ × १०^−१५, −३.४०
तिसरी : ०.४७६, ७२९, ४.१० × १०^−१५, −१.५१
चौथी : ०.८४७, ५४७, ९.७३ × १०^−१५, −०.८५

कक्षा एकदा तरी प्रमाणात काढून पाहा. पहिली अर्ध्या सेंटिमीटर त्रिज्येची घेतली तर दुसरी २, तिसरी ४.५ आणि चौथी ८ सेंटिमीटरची येते, पाचवी १२.५ ची, ती वहीच्या पानाबाहेर जाते. समान अंतरावर काढलेली नेहमीची वर्तुळं कशी दिशाभूल करतात ते लगेच कळतं. या प्रमाणात प्रोटॉन मात्र काढता येणार नाही. पेन्सिलीचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपकाही त्याच्या तीनेक हजार पट मोठा होईल.

पायरी ६ : उडी आणि प्रकाश

इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेतून खाली आला की ऊर्जेतला फरक प्रकाशाच्या एका कणाच्या रूपाने बाहेर पडतो. तरंगलांबी काढायला १२४० ला त्या फरकाने भागा. फरक इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये असेल तर उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं.

तिसरीतून दुसरीत : १३.६ × (१/४ − १/९) = १.८९, तरंगलांबी सुमारे ६५६. लाल रेषा.
चौथीतून दुसरीत : २.५५, सुमारे ४८६. निळसर हिरवी.
पाचवीतून दुसरीत : २.८६, सुमारे ४३४. जांभळट निळी.

याच त्या रेषा, ज्यांच्यासाठी बाल्मर या स्विस शाळामास्तरांनी १८८५ मध्ये निव्वळ आकड्यांशी खेळून सूत्र बसवलं होतं. अणूच्या आत काय आहे याचा पत्ता नसताना! इलेक्ट्रॉनचा शोधही त्यानंतर बारा वर्षांनी, १८९७ मध्ये लागला.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. लाल रेषेची वारंवारता ४.५७ × १०^१४. इलेक्ट्रॉन तिसऱ्या कक्षेत सेकंदाला २.४४ × १०^१४ फेऱ्या मारतो आणि दुसऱ्या कक्षेत ८.२२ × १०^१४. प्रकाशाची वारंवारता दोन्हींशी जुळत नाही. ती मधेच कुठेतरी आहे. जुन्या भौतिकीनुसार प्रभार ज्या वारंवारतेने हलतो त्याच वारंवारतेचा प्रकाश सोडायला हवा. बोरने हा संबंधच तोडला.

पण तोच हिशेब खूप वरच्या कक्षांसाठी करा. ११० व्या कक्षेतून १०९ व्या कक्षेत उडी घेतली तर १/११८८१ उणे १/१२१०० हा फरक अगदी किरकोळ असतो आणि वारंवारता येते ५.००९ × १०^९, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यात. फेऱ्यांची वारंवारता? ६.५८ × १०^१५ ला ११० च्या घनाने भागा : ४.९४ × १०^९. १०९ च्या घनाने भागा : ५.०८ × १०^९. लाल रेषेच्या वेळी दोन फेरी-वारंवारतांमध्ये तिपटीहून जास्त तफावत होती. इथे ती तीन टक्क्यांच्या आत आली आणि प्रकाशाची वारंवारता त्यांच्या जवळजवळ मध्यावर. कक्षा मोठी होत जाते तसं जुनं भौतिकी आपोआप परत येतं. बोरचं अनुरूपतेचं तत्त्व ते हेच, आणि ते समजावून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ही रेषा काल्पनिक नाही. १९६५ मध्ये रेडिओ दुर्बिणीतून अवकाशातल्या तप्त वायुमेघांमध्ये ती टिपली गेली. तिथल्या विरळ वायूत अणूला ०.६४ मायक्रोमीटर त्रिज्येएवढं पसरायला जागा मिळते.

संगणकावर फिरवायचा असेल तर

एसआय एककं घेऊन प्रोग्रॅम लिहायला बसू नका. १०^−३१ आणि १०^−१६ यांच्या गर्दीत चूक सापडत नाही. म, ह आणि ब तिन्ही १ धरा. मग पहिल्या कक्षेची त्रिज्या १, वेग १, आवर्तकाल ६.२८३ आणि एकूण ऊर्जा −०.५ होते. न व्या कक्षेची त्रिज्या न^२, वेग १/न. त्वरण म्हणजे स्थान भागिले त्रिज्येचा घन, उलट दिशेने. वेळेची पायरी ०.०१ घेतली तर पहिल्या कक्षेची एक फेरी साधारण ६२८ पायऱ्यांत होते.

पहिल्याच प्रयत्नात कक्षा बाहेर बाहेर सरकताना दिसली तर दोष अणूचा नाही. जुन्या स्थानावरून वेग आणि जुन्याच वेगावरून स्थान, असं दोन्ही एकदम बदललं की प्रत्येक पायरीला थोडी ऊर्जा खोटीच वाढते. आधी वेग बदला, आणि त्या नव्या वेगाने स्थान बदला. एका ओळीची जागा बदलली की वर्तुळ बंद होतं. खात्रीसाठी दर फेरीनंतर एकूण ऊर्जा छापा, ती −०.५ च्या आसपासच राहायला हवी.

यानंतर त्रिज्या २ आणि वेग ०.७०७ घालून प्रोग्रॅम चालवा. संगणक काहीही कुरकुर न करता सुंदर वर्तुळ काढून देईल, आणि ही कक्षा तर बोरच्या यादीत नाही! कोनीय संवेग येतो १.४१४, पूर्णांक नाही. प्रोग्रॅमला फक्त पहिलं समीकरण ठाऊक आहे. त्याच्या लेखी कुठलीही त्रिज्या चालते. मोजक्या कक्षांची अट चित्र बघून सापडत नाही, ती बाहेरून घालावी लागते. द ब्रॉयने १९२४ मध्ये तिला कारण दिलं : इलेक्ट्रॉनची तरंगलांबी परिघात पूर्णांक वेळा बसली पाहिजे.

हायड्रोजनच्या पलीकडे

केंद्रकात ज प्रोटॉन आणि भोवती एकच इलेक्ट्रॉन असेल तर ब च्या जागी ज × ब लिहा. वेग ज पट, त्रिज्या ज ने भागलेली, ऊर्जा ज^२ पट. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमला ५४.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

याच चौपटीवरून एक गाजलेला वाद झाला. खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगला १८९६ मध्ये एका ताऱ्याच्या वर्णपटात बाल्मरच्या रेषांच्या अधेमधे बसणाऱ्या रेषा सापडल्या होत्या आणि त्या हायड्रोजनच्याच मानल्या गेल्या. बोर म्हणाला, या हेलियमच्या आयनाच्या, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या, चौथ्या कक्षेत उतरणाऱ्या. वर्णपटांचा अभ्यासक फाउलरने हरकत घेतली : बोरच्या सूत्राने हेलियमच्या आयनाच्या आणि हायड्रोजनच्या ऊर्जांचं गुणोत्तर बरोबर ४ यायला हवं, मोजमापांत ते ४.००१६ येतं. बोरने उत्तर दिलं की केंद्रकही थोडं हलतंच. म च्या जागी म / (१ + म भागिले केंद्रकाचं वस्तुमान) घ्या. हायड्रोजनसाठी भाजक १.०००५४५, हेलियमसाठी १.०००१३७. दोन्हींचं गुणोत्तर गुणिले ४ : ४.००१६३. कॅल्क्युलेटरवर करून पाहाच. आपण दुसऱ्या पायरीत जी गोष्ट नगण्य म्हणून सोडली होती तिनेच वाद मिटवला. हीच दुरुस्ती लावून यूरीने १९३१ मध्ये जड हायड्रोजन ओळखला; त्याची लाल रेषा साध्या हायड्रोजनच्या रेषेपासून ०.१८ नॅनोमीटर सरकलेली असते.

म बदलण्याच्या सरावासाठी आणखी एक : इलेक्ट्रॉनऐवजी त्याच्यासारखाच पण २०७ पट जड असलेला म्युऑन हा कण प्रोटॉनभोवती फिरत असेल तर दुरुस्त वस्तुमान १८६ पट निघतं. त्रिज्या १८६ पटीने आक्रसते आणि ऊर्जा अडीच हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर जाते.

कुठवर विश्वास ठेवायचा

एक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंच्या ऊर्जा या रीतीने उत्तम येतात. कक्षांचं चित्र मात्र खरं नाही. आजच्या पुंजयांत्रिकीनुसार तळच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग ह नसून शून्य असतो, आणि अणू चपट्या चकतीसारखा नसून चहूबाजूंनी सारखा असतो. ०.०५२९ नॅनोमीटर ही संख्या टिकून राहते, पण वेगळ्या अर्थाने : इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता ज्या अंतरावर सर्वाधिक, ते हे अंतर. त्याचं सरासरी अंतर याच्या दीडपट असतं.

दोन इलेक्ट्रॉन आले की रीत कोलमडते. साध्या हेलियममधून पहिला इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. दोन इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण विसरलं तर वरच्या हिशेबाने ५४.४ येतात, आणि प्रतिकर्षण धरून कक्षा आखायचे सगळे प्रयत्न फसले. त्यामुळे परीक्षेत किंवा प्रोग्रॅममध्ये हेलियम दिसला, की आधी त्याच्यावर इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजा. एक असेल तर ज = २ घालून पुढे जा; दोन असतील तर ही दोन समीकरणं बाजूला ठेवा.